पापलेटाशेजारचं जेन्शियन

आमच्या थळ गावच्या समुद्रकाठच्या उन्हात बर्फातलं झाड जगत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. (सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.)

मुलगा ट्रक घेऊन हिमाचलात जातो. एकदा त्याने मोबाइलवर तिथल्या डोंगरातल्या फुलाचा फोटो पाठवला. जेन्शियन म्हणतात त्याला. बायको खुळावलीच!

"अवो, असलं निळं मी लुगड्यातसुद्धा बघितलं न्हाय. आपल्या दारात लावा."

म्हटलं, लावतो. त्यानंतर ती गेली. लावायचं राहिलं.

तिचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं तेव्हा पोराने डब्यातून रोप आणलं, चांगलं कळीसकट. ठरवलं, श्राद्धाला तिच्या फोटोवर हेच फूल. पण दुपारपर्यंत रोपाने मान टाकली.

शेजारची चंद्रा मासळी विकते. कुंपणावरून म्हणाली, "नाना, थंडीतलं हाय ना ते? माझ्या पेटीत ठेवा, बर्फ हाय."

"वास लागेल गं."

"झाडाला नाक हाय काय?"

ठेवलं. इकडे पापलेट, तिकडे पापलेट, मध्ये जेन्शियन. रोप जरा तरतरलं! मग मला चढला जोर. गारवा वाढावा म्हणून मासळीवाले बर्फावर मीठ मारतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी मूठभर मारलं. मग वाटलं, श्राद्धापर्यंत टिकायला हवं. आणखी मारलं.

श्राद्धाच्या सकाळी पेटी उघडली. पापलेट ताजं. रोपाची सुकट!

"नाना," चंद्रा म्हणाली, "आता कालवण तरी करा ह्याचं!"

घरात पाहुणे जमलेले. मी गुपचूप परसात गेलो, तगरीची पांढरी फुलं तोडली, मोरीत बसून कपड्यांच्या निळीत बुडवली. झकास निळी झाली! ओवून ओला हार तसाच फोटोला घातला आणि हात जोडले.

सून ओरडली, "बाबा! आईंच्या कपाळावरून काय ओघळतंय?"

"फुलांचा रंग."

"मग पुसा ना!"

पुसलं. ओल्या फडक्याने. फोटोची काच कोपऱ्यात तडकलेली, पाणी सरळ आत! बायको नथीसकट निळी. घाबरून फडकं खांद्यावर टाकलं, नवा सदरा निळा. घाम आला म्हणून त्याच फडक्याने तोंड पुसलं. (पुढचं सांगायला नको.) भटजी मंत्र विसरले. चंद्रा पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाना, आता कावळ्याने वयनींना ओळखायचं कसं?"

फोटो तसाच भिंतीवर आहे. पोरगा म्हणतो, दुसरा करून आणू. मी नको म्हणतो. निळं हवं होतं तिला, मिळालं.

जन्मभर तिने मला धुण्याच्या बादलीला हात लावू दिला नाही. म्हणायची, "तुमच्या हातात नीळ दिली तर घर निळं कराल." मी दरवेळी भांडायचो. आता फोटोसमोर कान पकडतो. कानामागे अजून निळं आहे माझ्या!