बिल्ड संपू दे

कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत माझा टेम्पो अडकला होता. टेम्पोत कोल्हापुरातून गोळा केलेले जुने टीव्ही होते आणि ते ज्याच्यासाठी गोळा केले होते, तो गेल्याचा फोन तिथंच आला. फोनवर मेघा होती. रवळूची मुलगी, हुबळीत नोकरीला असते. “काका, बाबा गेले,” म्हणाली. अशा वेळी माणसं मटकन खाली बसतात, देवाचं नाव घेतात म्हणे. मी शिवी हासडली. एवढ्या मोठ्यानं हासडली, की पुढच्या ट्रकचा केरळी ड्रायव्हर खाली उतरून, माझं काय चुकलं म्हणून हात जोडायला लागला. शिवी त्याला नव्हती. शिवी होती मेघाच्या पुढच्या वाक्याला. “सकाळपासून छातीत दुखत होतं. आई सारखी म्हणत होती, दवाखान्यात चला. तर म्हणाले, बिल्ड संपू दे, मग जाऊ...” दुपारी तिथंच खुर्चीत मान टाकली. बिल्ड संपू दे! मेलेल्या मित्रावर चिडू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय मला ठाऊक नाही. मी चिडलोय. अजून चिडलेलाच आहे, आणि हा लेख त्याच तोंडानं लिहितोय.

रवळनाथ हे त्याचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव. मूळ कणकुंबीकडचा, घर पिरनवाडीत. बेळगावात कॉलेजला आम्ही एका बाकावर बसलो आणि तिथपासून एकमेकांना थापा मारत आलो. तो इंजिनिअर झाला, मी निपाणीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो बेंगळुरात भल्यामोठ्या कंपनीत लागला आणि एक दिवस सगळं सोडून परत आला. का आलास विचारलं, तर म्हणाला, “तिथल्या वांग्याला चव न्हाय रं.” मी निपाणीत सांगत सुटलो, की हा निघाला तेव्हा कंपनीच्या मालकानं रेल्वेपुढं आडवं पडून गाडी अडवली होती. पुढच्या खेपेला तोच मला ती गोष्ट सांगायला लागला, वर दोन मालक वाढवून. मोठ्या आवाजाचा, भांडखोर, स्वतःवर लई खूश असलेला माणूस. साधेपणा वगैरे त्याच्यावर शोकसभेत चिकटवला गेला, त्या सभेकडं मी येतोच.

त्याचं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड असतो. त्यात मोबाइलमध्ये असतो तसला एआरएम जातीचा प्रोसेसर. त्याला माझ्या दुकानातला जुना टीव्ही आणि एक कीबोर्ड जोडला, की शाळेला कम्प्युटर मिळाला. फक्त त्या बोर्डाला स्वतःची अक्कल नसते. नखाएवढ्या कार्डावर लिनक्स भरून ते कार्ड त्याच्यात खोचावं लागतं. त्या भरलेल्या ऐवजाला म्हणायचं इमेज. तयार इमेज फुकट मिळते, पण रवळूला दुसऱ्याच्या हातची भाकरी कधी गोड लागली नाही. सीमाभागातल्या पोरांना मराठीही पाहिजे, कन्नडही पाहिजे, दोन्हींत टाइप करता आलं पाहिजे, इंटरनेट नसतानाही सगळं चाललं पाहिजे आणि लाइट गेली तरी कार्ड मरता कामा नये. म्हणून तो इमेज स्वतः रांधायचा. या रांधण्याला म्हणायचं बिल्ड. बोर्ड तेवढ्या कामाला दुबळा, म्हणून आपल्या घरच्या जुन्या कम्प्युटरच्या पोटात तो त्या बोर्डाचं सोंग उभं करायचा. याला एम्युलेशन म्हणतात. तो सांगायचा, “जत्रेत देव अंगात येतोय बघ, तसा ह्याच्या अंगात बोर्ड येतोय. फक्त ह्यो देव लई सावकाश घुमतोय.” सावकाश म्हणजे किती? इकडं त्यानं बिल्ड लावावं, तिकडं मी ऊस लावावा. उसाचं गुऱ्हाळ होऊन गूळ पेठेला गेला, तरी याच्या पडद्यावर एक ओळ सरकलेली असायची. ती पांढरी अक्षरं हलतात की थांबलीत, हे त्याच्याशिवाय पिरनवाडीत कुणाला कळलं नाही.

एका गावात भांडण लागलं. पडदा उघडला की भाषा निवडायचे दोन चौकोन यायचे, वर मराठी, खाली कन्नड. ही वर का, ती खाली का? रवळूनं दोन्ही बाजूंना शिव्या घातल्या, त्याही ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि घरी येऊन इमेज अशी बदलली की मशीन जेवढ्या वेळा चालू कराल तेवढ्या वेळा वरची खाली आणि खालची वर. झालं, मिटलं. नाही मिटलं. दोन्हीकडची मोठी माणसं आळीपाळीनं शाळेत यायची आणि आपली भाषा वर येईपर्यंत मशीन बंद-चालू करून गुपचूप जायची. मास्तर म्हणाले, बटण झिजून गुळगुळीत झालं. रवळूला एवढा आनंद झाला, की त्यानं पेढे वाटले. “सदा, लोकं दोन भाषांसाठी माझं मशीन चालू करालेत! आनि काय पायजे?”

तर हा माणूस गेला आणि बेळगावात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, पुढच्या रांगेत सुमनवहिनी आणि मेघा. एकेक वक्ता उठला. कर्मयोगी. अखेरच्या श्वासापर्यंत कामात मग्न. काम करता करता देह ठेवला, असं मरण भाग्यवंतालाच येतं... एक जण तर म्हणाला, त्यांनी मृत्यूलाही सांगितलं की थांब, माझं काम संपू दे. टाळ्या पडल्या! शोकसभेत टाळ्या! माझं डोकं असं तापलं, की शेजाऱ्यानं त्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता. माझं नाव यादीत नव्हतं तरी मी उठलो आणि माइकवर म्हणालो, “गाढव होता.” कुणीतरी मागून शर्ट ओढला, “अण्णा, बसा.” मी बसलो नाही. मी म्हणालो, तुम्ही ज्याला भक्ती म्हणताय तो निव्वळ मूर्खपणा आहे, कारण ते मशीन थांबवता येतं. मला त्यानंच शिकवलं होतं. खरा बोर्ड मध्येच बंद केला तर केलेलं वाया जातं. पण सोंगातला बोर्ड होता तिथं गोठवता येतो. एक हुकूम द्यायचा, की अख्खं मशीन जिथं असेल तिथं, अर्ध्या अक्षरावर, जसंच्या तसं साठवून ठेवलं जातं. बटण बंद करा, दवाखान्यात जा, महिन्यानं या, दुसरा हुकूम द्या, पुढचं अर्धं अक्षर उमटतं. एक हुकूम! तेवढा न देता हा खुर्चीत बसून मेला, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय? सभा संपली. मला कुणी चहा विचारला नाही. वहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान वळवली.

पुढं वहिनींचाच फोन आला. कणकुंबीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापक बाई विचारत होत्या. टीव्ही भिंतीला लागलेत, बोर्ड बसलेत, फक्त कार्डं नाहीत. तिकडं एकदा पाऊस धरला की छत्रीलासुद्धा शेवाळ येतं, मग कुणाचं जाणं-येणं होत नाही. त्याआधी काही होईल का? “मेघा सुट्टी काढून आलीया. ती बघतो म्हणालीया,” वहिनी म्हणाल्या. बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल ‘बघतो’, ‘होतो’ असंच बोलतात. मी म्हणालो, “वहिनी, ज्या इमेजनं माझा मित्र खाल्ला, तिला मी हात लावणार नाही.” तर म्हणाल्या, “हात नका लावू, भावजी. शिव्या द्या वाटलं तर. पन या.”

गेलो. रवळू गेल्यापासून ती खोली कुणी उघडली नव्हती, त्या दिवशी कुणीतरी नुसतं मेन स्विच बंद केलं होतं. मेघा कम्प्युटरपुढं बसली, वहिनी दारात, मी मुद्दाम पाठ करून खिडकीशी. बिल्ड अर्धवट मेलं असेल, पहिल्यापासून लावावं लागेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. मेघानं खटखट केलं आणि थांबली. “काका, बाबांनी हे गोठवून ठेवलंय.” मी वळलो. “कवा?” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. साठवलेल्या प्रत्येक स्थितीपुढं वेळ लिहिलेली असते. “त्याच दिवशी. सकाळी. आई, तू चहा केलास त्याच्याही आधी.”

मला हे समजायला वेळ लागला, वाचणाऱ्यालाही लागू दे. सकाळी दुखायला लागल्याबरोबर त्यानं हुकूम दिला होता. मशीन थांबवलं होतं. म्हणजे जायचं त्याच्या मनात होतं. आणि मग तो गेला नाही. थांबवलेल्या मशीनपुढं बसून राहिला, आणि बायको आत येऊन चला म्हणाली की न हलणाऱ्या अक्षरांकडं बोट दाखवून सांगत राहिला, बिल्ड संपू दे. जे चालूच नव्हतं ते संपणार कसं? पण ती अक्षरं नेहमीच अशी, हलतात की थांबलीत कळायचं नाही. त्या माउलीला कसं कळावं? आयुष्यभर मशीनला सोंग घ्यायला लावलं आणि शेवटी स्वतः घेतलं.

भ्याला होता. दुसरं काही नाही. माझ्या हर्नियाच्या वेळी तो बेळगावात रोज भेटायला यायचा. भेटायला म्हणजे, दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर उभा राहून फोन करायचा, “खिडकीत ये, तोंड बघू.” टाके घातलेला मी खिडकीत उभा आणि हा खालून हात हलवतोय. मी गावभर ती गंमत म्हणून सांगितली. त्याच्या वडलांना, आप्पांना, ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं होतं, पायांनी चालत आत गेले आणि झाकून बाहेर आले. तेव्हापासून त्यानं दवाखान्याची पायरी चढली नव्हती. जगाला भिडणारा, दोन भाषांत भांडणारा वाघ, आणि रक्तदाब मोजायच्या पट्ट्याला भिणारा! भितोय म्हणाला असता तर काय झालं असतं? मी निपाणीहून टेम्पो हाणत आलो असतो, उचलून नेला असता, डॉक्टरपुढं त्याचा हात धरून बसलो असतो आणि पुढं जन्मभर चिडवलं असतं. तेवढं चिडवून घ्यायची तयारी नव्हती हरामखोराची.

वहिनी तिथंच उंबऱ्यात बसल्या. रडल्या नाहीत. “मला वाटत होतं, माझ्यापेक्षा त्यास्नी मशीन जास्त,” म्हणाल्या. “इतके दिवस त्याच रागात होतो मी. तर हे... भ्यालते व्हय?” आणि मग पदरानं तोंड पुसून एकदम कडाडल्या, “भावजी, हे लिवा. पेपरात लिवा. कर्मयोगी न्हवं, भ्यालते म्हणून लिवा. घराघरात ही बाप्ये असंच बसत्यात. कुणाचं बिल्ड, कुणाचं दुकान, कुणाची शेताला पान्याची पाळी... छातीत कळ येतीया आनि कामाचं नाव सांगत्यात. बायकांनी ऐकू नये, हाताला धरून उठवावं.” म्हणून लिहितोय. त्यांनी सांगितलं नसतं तर मी मित्राची ही गोष्ट माझ्याबरोबर सरणावर नेली असती.

“चालू करू?” मेघानं विचारलं. वहिनींनी होय म्हणून मान हलवली. दुसरा हुकूम गेला आणि पडद्यावर अर्ध्यावर थांबलेली ओळ, जणू मध्ये काही झालंच नाही अशी, पुढं सरकली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं तिच्यापुढं बसून राहिलो. बिल्ड संपलं. मेघानं कार्डं भरली, मी स्वतः कणकुंबीला नेऊन खोचली, टीव्हीवर दोन्ही भाषा आल्या आणि पोरं किंचाळली. देवाशप्पथ सांगतो, एका तरी मशीननं चालू नये असं मला वाटत होतं. सगळी चालली.

पण गोठवलेली ती स्थिती काही संपत नाही. मेघानं दाखवलं, ती एकदा पुढं नेली तरी साठवलेलं तसंच राहतं, पुन्हा उघडलं की पुन्हा तीच सकाळ. पुसून टाकू का, असं तिनं आईला विचारलं, तर वहिनी नको म्हणाल्या. ती उघडायची कशी, हे मी मेघाकडून शिकून घेतलंय. आता पिरनवाडीला गेलो की चहा होईपर्यंत मी आतल्या खोलीत जातो, रवळूच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढतो आणि तो हुकूम देतो. पडदा भरतो. पांढरी अक्षरं, शेवटची ओळ अर्धी. याच अक्षरांपुढं तो आत्ता बसलाय, दुखायला नुकतंच लागलंय, चहा अजून व्हायचाय, हातात अख्खी सकाळ आहे. मी रिकाम्या खुर्चीकडं बघून ओरडतो, “ऊठ की रं भित्र्या. मी हाय न्हवं बरोबर. चल.” वहिनी स्वयंपाकघरातून ऐकतात. एकदाही मला गप्प बसा म्हणालेल्या नाहीत.