कार्बोरेटरच्या तोंडावर धरलेला हात

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जायची. घाबरून नव्हे हो, कंटाळून! आज मीच हे लिहायला बसलेय. पण काल जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही...

आम्ही मूळचे साताऱ्याचे. यांच्या बँकेच्या बदलीने कोलकात्याला आलो आणि रिटायर झाल्यावरही बालीगंजलाच राहिलो. मी काही इंजिनिअर नाही. यांच्या जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर सारखा रुसायचा, तो खोलता-जोडता शिकले. मग ओळखीतल्या जुन्या गाड्याही माझ्याकडे यायला लागल्या.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सेनदांनी गेल्या हिवाळ्यात कोलकात्याजवळच्या बजबजमधल्या एका बंद बंगल्यातून जुनी विलायती टू-सीटर गाडी आणली. तिला दोन कार्बोरेटर आणि सुपरचार्जर — म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. त्यांना ती विंटेज रॅलीत न्यायची होती, पण इंजिन काही एकसारखं चालेना. "बौदी, आता तुम्हीच काय ते करा," म्हणाले. बौदी म्हणजे बंगालीत वहिनी.

त्याच हिवाळ्यातली एक रविवारची सकाळ, लख्ख ऊन. गॅरेजची दारं सताड उघडी — हे लक्षात ठेवा. ॲक्सिलरेटर दाबायला हे सीटवर बसले. सत्तरी ओलांडलीय, पण स्टिअरिंग हातात आलं की कॉलेजकुमार!

"अगं, मी कसा दिसतोय ते तरी बघ!"

"मला इंजिन दिसतंय तेवढं पुरे. पाय हलका ठेवा."

दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतायत का, ते मी रबरी नळीने ऐकते. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. सूं... असा आवाज येतो. तो दोन्हीकडे सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. पहिला जमला. दुसऱ्याचा आवाज फारच मोठा. म्हटलं, "अहो, बंद करा जरा."

यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. पंपाचा पट्टा थांबला.

नळीतला आवाज थांबला नाही.

सूं... मग गप्प. पुन्हा सूं... नुसता आत ओढल्याचा. बाहेर सोडल्याचा नाहीच. वाटलं, माझ्याच कानात घुमतंय. नळी पहिल्या कार्बोरेटरला लावली — चिडीचूप. पुन्हा दुसऱ्याला... सूं.

"अहो, किल्ली काढलीत ना?"

मान वर करून पाहिलं तर यांचं तोंड उघडं, ओठ निळसर, मुठीत छातीवरचा स्वेटर धरलेला. नळी अजून माझ्या कानाशीच होती. सूं झालं, की यांची छाती खाली बसायची. पुन्हा सूं — आणखी खाली. वर येतच नव्हती.

मी विचार केला नाही. उजवा तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर दाबला. आणि काय सांगू... तो आत ओढला गेला. चालू इंजिनाची ओढ माझ्या ओळखीची आहे. हे बंद होतं, आणि ओढ दुप्पट! कोपरापर्यंत कळ गेली. पण त्याच क्षणी यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

"सेनदा! यांना बाहेर काढा!"

सेनदा धावत आले. माझा हात बघून घाबरले. "की होलो, बौदी? काय झालं? हात काढा आधी!"

"हात नाही काढणार! यांना काढा!"

मध्येच तळव्याची कड जराशी उचलली, तर यांची मान लटकलीच. पुन्हा दाबला. सेनदांनी यांना काखेत धरून अंगणात नेलं, तेव्हा कुठे ओढ सुटली... कुणी मुद्दाम सोडावी तशी.

हॉस्पिटलात सगळं नॉर्मल. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. डॉक्टर म्हणाले, गाडीचा धूर साचला असेल. उघड्या दारांच्या गॅरेजात? आणि इंजिनावर वाकलेली मी ठणठणीत? मेकॅनिकने सगळं खोलून पाहिलं, काही सापडलं नाही. माझ्या तळव्यावर मात्र गोल, काळानिळा वळ कितीतरी दिवस होता.

त्या सकाळचं यांना काहीच आठवत नाही. गाडी अजून कुलपात आहे, सेनदा विकायला बघतायत, पण गिऱ्हाईक मिळत नाही. आणि हल्ली पेपर बाजूला ठेवून हे म्हणतात, "जरा खाली जाऊन नुसता गाडीत बसून येऊ का गं?"

"कशाला?"

"काय माहीत... बरं वाटेल असं वाटतं."

काल दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर हे घरात नव्हते. तशीच अनवाणी खाली धावले. गॅरेजच्या बंद दारासमोर उभे होते, केस नीट विंचरून. कुलूप बाहेरून लागलेलं. किल्ली सेनदांकडे, आणि ते तर न्यू टाउनला, ऑफिसात.

मी दंड धरला. म्हटलं, "चला वर."

"थांब गं," हे हसून म्हणाले, "आतून उघडतायत."

ओढतच घरी आणलं त्यांना. आता दाराला आतून कुलूप लावून हे लिहितेय. कोण उघडत होतं, मला माहीत नाही. यांना विचारायचा धीर होत नाही.