वत्सलाच्या आईवरची गर्दी

मंडळी, आज दुपारी मल्लेश्वरमला वत्सलाकडे गेलो होतो. आपल्या आईवर ती मोबाईलवरच छोटा माहितीपट करते आहे. ती सहा महिन्यांची असताना आई गेली.

चौसष्ट साली तिच्या बारशाला अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, काढलेली एकच फिल्म उरली आहे. तो जुना प्रोजेक्टर माझ्याशिवाय कोण चालवणार? लावला.

आई पाळण्यावर वाकते आणि तिच्या चेहऱ्यावरून अप्पांच्या कारखान्यातल्या दसऱ्याच्या आयुधपूजेची गर्दी चालत जाते. एकाच रिळावर दोनदा चित्रण झालेलं.

"अप्पांचा वेंधळेपणा, अण्णा! आईचा चेहरा घालवला. मरेपर्यंत ऐकवलं मी त्यांना. माझ्या फिल्ममध्येही तेच बोलणार."

हसत बोलली, पण शेवटी आवाज किंचित फाटला.

तेव्हा मी कँटोन्मेंटातल्या फोटो स्टुडिओत नोकरीला होतो. अप्पांनी धुवायला दिलेला तो रोल कोरा समजून मीच पुन्हा त्यांच्या कॅमेऱ्यात भरला. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी ना मालकाला सांगितलं, ना लेकीला. माझी नोकरी टिकली, पुढे स्वतःचं दुकान झालं.

आज मी नुसतं "सरी", म्हणजे इथल्या कानडीत "बरं", म्हणालो, चहा संपवला आणि निघालो.

उद्या सकाळी ती आवाज भरणार आहे. त्याआधी तिला फोन करायला हवा. सुरुवात कशी करू, सांगाल?