पूनमसिंगने न पाहिलेली बाजू

समजा, तुम्हाला एक डोंगर चढायचा आहे. सकाळी निघून दुपारी माथ्यावर डबा उघडता येतो, तसला आपल्याकडचा डोंगर नव्हे. याचा माथा पायथ्यावरून दिसतच नाही. पहिल्या दिवशी तुम्ही देवदारांच्या सावलीतून चालता आणि मनात म्हणता, एवढंच होय. दुसऱ्या दिवशी झाडं मागे राहतात. मग गवत संपतं. मग नुसते दगड, आणि दगडांच्या वर बर्फ. बुटाची नाडी बांधायला वाकलात तरी धाप लागते. रात्री तंबूत पाण्याची बाटली कुशीत घेऊन निजावं लागतं, नाहीतर सकाळी पिण्याऐवजी फोडावी लागते. तरी तुम्ही चालत राहता, कारण तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे. वर उभं राहून चारी बाजूंना एकदा डोळे भरून पाहायचं आहे.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरच्या पूनमसिंग राठोडने हे सगळं केलं. शेवटचं तेवढं राहिलं.

पूनमसिंग लाईनमन. तालुक्यातल्या अर्ध्या गावांचे पोल त्याने चढलेले. वरचं काम उरकलं तरी हा लगेच उतरायचा नाही. बेल्ट पोलला अडकवून तसाच मान वळवत राहायचा. कपाशीपलीकडे तूर, तुरीपलीकडे पुढच्या गावचं देऊळ, आणि त्याच्याही पुढे एक धूसर रेघ. खालून लोक ओरडायचे, "लाईट आली का नाई हो पूनमसिंगभाऊ? का वरतीच मुक्काम हाये?" तो म्हणायचा, "आली न बावा. थोडं पाहून राह्यलो." काय पाहतोस, असं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. त्या रेघेच्या पलीकडे काय आहे, एवढंच त्याला लहानपणापासून पाहायचं असे. पुढच्या गावाला बदली झाली की तिथल्या पोलवरूनही तशीच एक रेघ दिसायची.

चाळिशी ओलांडल्यावर त्याला यवतमाळच्या सलीलचा ग्रुप सापडला. सलील कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि दरवर्षी मे महिन्यात पाच-सात जणांना घेऊन हिमाचलात जायचा. त्याच्या घरची लाईन दुरुस्त करताना पूनमसिंगने भिंतीवरचा बर्फाच्या डोंगराचा फोटो पाहिला, आणि काम झाल्यावर चहा घेता घेता विचारलं, "सर, इथं माणूस कसा पोचते?" पुढच्या उन्हाळ्यात तो निघाला. बायको कौसल्या म्हणाली, "पोल कमी पडले काय तुमाले?" पण डब्यात धपाटे तिनेच बांधून दिले, चार दिवस पुरतील एवढे.

डोंगराचं नाव जिभेवर चढेना म्हणून पूनमसिंग त्याला नुसतं 'तो' म्हणायचा. गाईडचं नाव मात्र त्याला फार आवडलं. तिथल्याच गावचा माणूस, नाव हिरासिंग. "आमच्या तांड्यावर तीन हिरासिंग हायेत," तो म्हणाला. "तुम्ही चौथे." दोघांचं जमलं. वाट अरुंद झाली की हिरासिंग त्याला पुढे घ्यायचा, कारण याला उंचीची भीती नव्हती. यवतमाळचीच आभा, औषधाच्या दुकानात काम करणारी पोरगी, खाली पाहिलं की रडवेली व्हायची. पूनमसिंग तिला म्हणायचा, "बेटा, पायाकडं पाहू नको. दूर पाह्य."

चूक झाली ती शिखराच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी सगळी वाट बर्फाच्या मैदानावरून होती. आभाळ भरलेलं, ऊन नावाला नाही. हिरासिंगने सकाळीच सगळ्यांना दम दिला होता, "चश्मा कोई नहीं उतारेगा." पूनमसिंगने काळा चष्मा घातला आणि समोर पाहिलं तर सगळं बर्फ चहाच्या रंगाचं. एवढ्या लांबून यायचं आणि चहा पाहायचा? त्याने चष्मा कपाळावर चढवला. केवढं पांढरं. त्याने जन्मात असं पांढरं पाहिलं नव्हतं, जिनिंग मिलच्या आवारातल्या रुईच्या ढिगाऱ्यातही नाही.

हिरासिंग मागे वळून ओरडला. पूनमसिंगने चष्मा खाली घेतला, आणि तो पुढे वळताच पुन्हा वर केला. आभा म्हणाली, "काका, सांगितलंय ना त्यांनी."

"अगं, ऊन कुठं हाये? आपल्या इकडचं ऊन पाह्यलं त्यानं? मे महिन्यात पोलवर चढतो मी. लोखंडाले हात लावू देत नाई."

ऊन म्हणजे चटका, हे त्याच्या अंगात मुरलेलं. चटका नाही तर ऊनही नाही. पण ढगातून झिरपणारे किरण बर्फावर आपटून खालून उसळतात आणि सरळ डोळ्यांत शिरतात. त्यांना ऊब नसते, म्हणून माणसाला कळतही नाही. दारव्ह्याच्या माणसाने डोक्याला दुपट्टा बांधला होता आणि डोळे उघडे ठेवले होते.

शिखराकडे अंधारातच निघायचं असतं, बर्फ घट्ट असतं म्हणून. दोर बांधताना पूनमसिंगच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. त्याने ओळखलं. लहानपणी बाजारात वेल्डिंगच्या दुकानासमोर उभं राहून तो ठिणग्या पाहत राहिला होता, तेव्हा असंच झालं होतं. याडीने, म्हणजे त्याच्या आईने, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या आणि एका दिवसात सगळं बरं झालं होतं. म्हणजे हेही बरं होणार होतं. पण शिखर आज होतं.

तो कुणाला काही बोलला नाही. अंधारात डोळ्यांचं काम तरी काय? पुढच्या माणसाचा दोर हाताला लागत होता, पाय आपोआप पडत होते. मग पूर्व उजाडली. बाकीचे थांबून "अरे वा" म्हणू लागले आणि त्याला पापणी उचलता येईना. उचलली की सुया टोचायच्या आणि पाण्याची धार लागायची.

हिरासिंगने त्याच्या तोंडावर बॅटरी धरली आणि कपाळाला हात लावला. "किसने बोला था चश्मा उतारने को?"

"भाऊ, वर किती राहिलं?"

"आधा घंटा. पर तुम देखोगे क्या?"

"पोचलो की उघडतीन डोळे."

हिरासिंगने वरची वाट न्याहाळली. एकट्याला खाली सोडता येत नव्हतं आणि एकासाठी सगळ्यांना फिरवणं त्याच्या जिवावर आलं असावं. वाट इथून सोपी होती. त्याने पूनमसिंगचाच दुपट्टा सोडून त्याच्या डोळ्यांवर बांधला, दोर आखूड केला आणि त्याचा हात स्वतःच्या पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला. "मेरे पाँव के पीछे पाँव."

असा पूनमसिंग वर पोचला. पायाखालचा चढ थांबला तेव्हा त्याला कळलं. भोवती आरडाओरडा, हसणं, कुणीतरी पाठीवर थापा मारत होतं. त्याने दुपट्टा वर सरकवला आणि पापण्या बोटांनी ओढून उघडल्या. आत जाळ झाला. पांढराही नाही, काळाही नाही, नुसता जाळ. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हिरासिंगने हात धरला.

मग तो तसाच उभा राहिला. उजव्या गालावर वारा लागत होता. ज्या बाजूने ते चढून आले त्या बाजूचा वारा ओला होता, बर्फाचा. हा दुसराच. गारठलेला, पण कोरडा ठणठणीत, आणि त्याला वास होता. वाळलेल्या मातीचा. नांगरून ठेवलेलं शेत चैत्रात वास देतं, तसा.

त्याने चाचपडत आभाचा हात धरला. "बेटा, या बाजूले काय हाये?"

आभा रडत होती, आनंदाने. सलील फोटोसाठी सगळ्यांना ओळीत उभं करत होता. "सगळंच आहे, काका," ती म्हणाली, आणि त्याला ओढून ओळीत घेतलं.

उतरताना, दोराच्या भरवशावर पाय टाकताना, त्याचा गुडघा पिरगळला. डोळे दोन दिवसांत बरे झाले. गुडघा झाला नाही. डॉक्टरांनी पोल बंद केले, डोंगराचं तर नाव काढू नका म्हणाले. आता तो सबस्टेशनमध्ये खुर्चीवर असतो, मीटरचे आकडे घेत.

तांड्यावर सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. शाळेतल्या मुलांनी विचारलं, वरून काय दिसतं? पूनमसिंगने देवदारांचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, आणि सगळी टाळ्या वाजवून घरी गेली. खरं कौसल्येला तेवढं ठाऊक. ती म्हणाली, "देवळात सारे डोळे मिटतात, तवा तुमी टकाटका पाहत राह्यता. अन् तिथं जाऊन मिटले."

तो हसला.

त्याने फोटो किती वेळा पाहिले असतील. सगळ्या फोटोंत माणसं आणि झेंडा, आणि मागे चढून आले ती बाजू. वारा आला त्या बाजूला फोटो काढणाराच उभा होता. एका फोटोच्या कडेला काहीतरी तपकिरी होतं. त्याने मोठं करून पाहिलं, तर तो सलीलच्या हातमोज्याचा अंगठा. सलील म्हणाला, "तिकडे पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, पाऊस पोचत नाही." ते पुस्तकातलं उत्तर झालं. "तुम्ही पाह्यलं का सर?" त्यावर सलील म्हणाला, "अहो, त्या गडबडीत कोण पाहणार." हिरासिंगला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "उधर हम देखते नहीं भाई, उतरने का टाइम देखते हैं."

यंदा घाटंजीची मिताली त्याच डोंगरावर चालली आहे. शाळेत शिकवते. बूट कुठले घ्यावेत, हे विचारायला तिने परवा पूनमसिंगला फोन केला. त्याने बुटांचं सांगितलं, मोज्यांचं सांगितलं, चष्म्याचं तर तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, एक काम करसान का?"

"सांगा ना दादा."

"वर सारे फोटोले उभे राह्यतीन. तवा तुमी जराशा उलट्या फिरजा. फोटो नाई काढला तरी चालते. नुसतं पाहून या."

"काय पाहू पण?"

सबस्टेशनच्या खिडकीबाहेर, तारांच्या खाली, कुणाचं तरी वावर नांगरून काळंभोर पडलं होतं. पूनमसिंग त्याच्याकडे पाहत होता.

"तिकडची माती," तो म्हणाला, "कोन्या रंगाची हाये?"