द्राक्षं गोड झाली की बोट

भाऊबीजेला दादानं ताटात पाकीट ठेवलं नाही. मी ओवाळून झाले, तरी तो नुसता मिशीत हसत बसला होता. मग म्हणाला, "यंदा ओवाळणीत बोट. मुंबईहून सुटते ना ती मोठी. आपण सगळे जाऊ, आईला घेऊन. कोणती, कधी, कुठल्या खोल्या, ते सगळं तू ठरव. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माहेरी कुणी मला 'तुला कळतं' म्हटलं की मी हुरळून जाते, हा माझा जुना रोग. धाकटी असल्यामुळे असेल. लहानपणापासून मला फक्त पाणी आणायला आणि दार लावायला सांगितलं जायचं.

तेव्हा लेक चार वर्षांची होती. बोट निवडायची म्हणजे खरं तर तिच्यासाठी निवडायची, बाकीचे कुठेही बसतील, असं मी मनाशी धरलं आणि कामाला लागले. कॉलेज रोडवरच्या ट्रॅव्हलवाल्या मुलीला मी इतके फोन केले की शेवटी माझा आवाज ऐकताच ती "बोला मॅम, आज काय?" म्हणायची. गॅलरीच्या कठड्याच्या गजांतून चार वर्षांचं पोर निसटेल का? मुलांच्या खेळघरात आईला बसू देतात का? लहान मापाचं लाइफ जॅकेट असतं का? मऊ भात मिळतो का, की नुसते नूडल्स? आईचे गुडघे गेलेले, तेव्हा तिची खोली लिफ्टजवळ हवी. दादाची दोन्ही मुलं मोठी, बारा आणि चौदा वर्षांची, त्यांना पोहण्याचा तलाव हवा. वहिनीला मळमळतं, म्हणून खोल्या बोटीच्या मधोमध, जिथे हेलकावे कमी. मी एक जुनी वही काढून पानंच्या पानं भरली. नवरा म्हणाला, "लग्नाआधी मला एवढं पारखलं असतंस तर वाचली असतीस."

आईची खोली ठरवायला तर मला आठवडा लागला. तिनं आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. गॅलरी तिला झेपणार नव्हती, पण गोल खिडकीची खोली होती, पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसेल अशी. मी लेकीला तिचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "ही जागा आजीची. कुणी बसायचं नाही." तिनं त्यावर फोनच्या काचेवरूनच बोट फिरवून रुमाल टाकल्यासारखं केलं. एसटीत जागा धरतात तसं.

डिसेंबरमध्ये दादा सगळ्यांना घेऊन नाशिकला आला, तेव्हा मीच म्हटलं की गंगापूर धरणावर बोटीत बसवून बघू, पोरीला सोसतं का. नसती हौस. दहा मिनिटं ठीक गेली, मग वारा सुटला. लेक आधी गप्प झाली, मग पांढरी पडली आणि दादाच्या नव्या शर्टावर भडाभडा ओकली. नंतर काठाला लागेपर्यंत "खाली उतरव, खाली उतरव" म्हणून तिनं आकाशपाताळ एक केलं. दादा हसला. "अगं, लेकरू आहे, चालायचंच," म्हणाला.  वहिनीनं पर्समधून रुमाल काढला आणि दादाचा शर्ट पुसत राहिली, बराच वेळ. तो रुमाल मला तेव्हाच वाचता यायला हवा होता.

मी उलट जोरात कामाला लागले. रोज संध्याकाळी लेकीला बागेतल्या झोक्यावर बसवून हळूहळू वेळ वाढवला. आमच्या फ्लॅटमध्ये एक बिनखिडकीची अडगळीची खोली आहे. तिथे गादी टाकून आम्ही 'बोटीतली खोली' केली. ती गादीवर बसायची, मी गादीचं टोक धरून हलवायची. पहिल्या दिवशी रडली, आठव्या दिवशी "अजून जोरात" म्हणाली. पिवळ्या माशांचा पोहण्याचा पोशाख घेतला, तो ती घरातच घालून फिरायची. मला वाटलं, जिंकलं.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. आवाज पडलेला.

"अवकाळीनं घोटाळा केलाय गं. मण्यांत साखर भरेना. व्यापारी येतो, चाखतो आणि निघून जातो. तोडा कधी होईल सांगता येत नाही. यंदा बोट राहू दे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचं माहेर पिंपळगाव बसवंतच्या पुढे, द्राक्षाच्या बागेतलं. आमच्या घरात बागेचं कारण आलं की बोलणं संपतं. माझ्या लग्नाची तारीख छाटणी बघून धरली होती. मोठ्या भाच्याचं बारसं द्राक्षांच्या तोड्यासाठी महिनाभर पुढे गेलं होतं. मामा वारले तेव्हा वडील औषध फवारून मगच निघाले, आणि कुणी नाक मुरडलं नाही. बागेच्या नावानं आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. देवाची शपथ माणूस सहज घेतो, पण बागेची कुणी घेत नसे.

म्हणून मला शंका आली नाही. उलट मीच दादाची समजूत काढली. "बोट काय पळून जाते का? तू बागेकडे बघ," म्हटलं. ट्रॅव्हलवाल्या मुलीला सांगून टाकलं की आमचं रद्द. सोमेश्वराला जाऊन नारळ फोडला, दादाच्या मण्यांत साखर भरू दे म्हणून. हसा.

लेकीला सांगितलं, "द्राक्षं अजून आंबट आहेत. द्राक्षं गोड झाली की बोट." तिला ते एकदम पटलं. बागवाल्यांची नात ती. मग रोज सकाळी दात घासताना विचारायची, "गोड झाली का?" मी म्हणायची, "अजून नाही."

आणखी एक रीत आहे. पहिला तोडा झाला की द्राक्षांची पहिली पेटी घरच्या लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे, येते. वडील होते तेव्हापासून. आजवर एकदाही चुकलेली नाही. ज्या वर्षी गारपिटीनं बाग झोपली, त्या वर्षीसुद्धा वडील वेचलेल्या घडांची अर्धी पेटी घेऊन आले होते. मार्च संपत आला आणि पेटी आली नाही, तेव्हा माझा जीव दादासाठी तुटायला लागला. म्हणजे तोडा खरंच झालेला नाही, एवढ्या उशिरा माल विकणार कुठे? असं मी नवऱ्याला सांगत होते आणि सांगताना माझे डोळे भरून येत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस दादाचा फोन लागेना, वहिनीचा लागेना. आईचाही बंद. आधी दादा एवढं म्हणाला होता, "आता तोडा सुरू होईल, फोन उचलायला कुणी सापडणार नाही." तरी माझ्या मनात भलतेसलते विचार यायला लागले. पिकापायी माणसं काय करून बसतात ते आपण ऐकतो. रविवारी सकाळी उठून पुरणपोळ्या केल्या, तोड्याला असलेल्या बायकांनाही पुरतील एवढ्या. डबे भरले, लेकीला मागे बसवलं आणि निघाले. वाटेत लेकीनं विचारलं, "आज गोड होतील?" मी म्हटलं, "बघू."

बागेत शिरल्याबरोबर कळलं. मी त्या मांडवाखाली वाढलेय. घडांवर बांधलेले कागद खाली कुजून पडले होते. माल भरायची कॅरेट नव्हती, माणसं नव्हती, टेम्पोच्या चाकांचे माग वाळून पक्के झाले होते. वेली मोकळ्या. एखादा राहून गेलेला झुपका तेवढा मध्येच लोंबत होता.

शेडमधून बागेतली मावशी बाहेर आली. ती पेठ तालुक्यातली, गेली पंधरा वर्षं बागेत कामाला आहे, तिथेच राहते, मला लग्नाआधीपासून ओळखते.

"ताई, तू कशी काय आज?" ती म्हणाली. "हितं कोनीच नाय."

"तोडा?"

"तोडा कव्हाच झाला! शिमग्याच्या आधीच माल गेला. यंदा लय गोड व्हता, व्यापारी जागंवरून हालंना." तिचा चेहरा नुसता फुलला होता. "समदे मुंबईला गेले, बोटीत बसाया. आजीबी गेल्या. तुला ठावं नाय?"

माझ्या हातात डबे होते. मी ते खाली ठेवले. म्हटलं, "ठाऊक आहे, विसरले." एवढं खोटं मला कसं सुचलं कोण जाणे. मावशीसमोर माहेरची अब्रू सांभाळत होते मी, आणि माहेर तेव्हा समुद्रात होतं.

तेवढ्यात लेक वेलीखालून पळत आली. राहिलेल्या झुपक्यातले मणी तिच्या मुठीत होते, गालांवरून रस ओघळत होता.

"आई, गोड झाली! आता बोट!"

गाडीत बसून मी ट्रॅव्हलवाल्या मुलीला फोन लावला. तिला बिचारीला काय माहीत. आनंदानं म्हणाली, "हो मॅम, तुमचे भाऊ फेब्रुवारीतच येऊन गेले. म्हणाले, तिघांची नावं कमी करा, बाकी ताईंनी निवडलंय तसंच ठेवा. आजींची लिफ्टजवळची खोलीसुद्धा तीच मिळाली."

ते ऐकून मला राग येण्याआधी लाज वाटली. मी किती मनापासून निवडलं होतं! कठडा बघितला, भात विचारला, वहिनीच्या मळमळीचासुद्धा विचार केला. त्यांनी माझं सगळं घेतलं आणि फक्त मला काढलं. आम्हाला न्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं. पोर लहान आहे, ओकते, रडते, आमच्या सहलीचा विचका होईल, म्हणा की. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, झालं असतं. पण बागेचं नाव घेतलं. आणि खोटं उघडं पडू नये म्हणून वडिलांनी घातलेली पेटीची रीतही मोडली. माझ्या दादानं.

मागून लेक विचारत होती, "आपली बोट गेली?"

"नाही," मी म्हटलं. "ती वेगळी बोट. आपली अजून यायचीय."

"मग द्राक्षं?"

"ती वेगळ्या वेलीची होती."

आठ दिवसांनी दादा आणि आई आले. मावशीनं सांगितलं असणार. दादाच्या खांद्यावर पेटी होती. मी दारातच ती उघडून पाहिली. मणी टपोरे होते, पण देठ तपकिरी पडलेले. कोल्ड स्टोरेजमधला माल, पिंपळगावातून विकत आणलेला. बागवाल्याच्या मुलीला देठ बघून कळतं, हेही तो विसरला होता.

"ही आपल्या बागेची नाही," मी म्हटलं. "परत घेऊन जा."

"अगं, माहेरची पेटी परत करू नये," आई म्हणाली.

"माहेरची असेल तेव्हा नाही करणार."

दादा काहीतरी पुटपुटला. मुलांच्या परीक्षेनंतर एवढीच सुटी मिळत होती, लहान लेकराला त्रास झाला असता, तुला वाईट वाटलं असतं. मी विचारलं, "मग बागेचं नाव का घेतलंस?" तो माझ्याकडे न बघता पेटी उचलून जिना उतरला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

आई आत येऊन सोफ्याच्या टोकावर बसली. ऊन लागून तिचा चेहरा रापला होता. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मी म्हटलं होतं त्याला, पोरीला सांग म्हणून," ती म्हणाली.

"मग तू का नाही सांगितलंस? तुला माझा नंबर पाठ आहे."

ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "मला समुद्र बघायचा होता गं," शेवटी म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास, आणि मग माझं वय थांबतंय का?"

 दादावर मी ओरडू शकत होते. आईनं मला विकलं होतं एका गोल खिडकीपायी, आणि ती खिडकी मीच शोधून दिली होती.

लेक आतल्या खोलीतून पळत आली. आजीच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली, तिच्या तोंडाकडे बघत.

"आजी, तू वेगळ्या बोटीत बसलीस ना? आपली अजून यायचीय. मी तुझी खिडकीची जागा धरून ठेवलीय. कुणाला बसू देत नाही मी."

आईनं तोंडाला पदर लावला. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी विनवत होती, आता तू हे मोडू नकोस. मी सगळं खरं सांगू शकले असते. तीन वाक्यं लागली असती.

"हो गं बाई," आई म्हणाली. "द्राक्षं गोड झाली की जाऊ."

लेकीनं खात्री करायला माझ्याकडे मान वळवली. मीही हो म्हटलं. तिनं लगेच विश्वास ठेवला, जसा मी दादावर ठेवला होता, आणि पिवळ्या माशांचा पोशाख आजीला दाखवायला आत पळाली.