देवाशी मोठ्यानं बोलणाऱ्या मावशी

भांडण रंगात आलं की मावशी डोळे मिटायच्या. हात जोडायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, “थांबा जरा. आदी वरच्याशी बोलून घेते.”

तुम्हाला वाटेल, किती सोशिक बाई. अहो, कसली सोशिक! भवानी पेठेतल्या आमच्या गणवेशांच्या कारखान्यात त्या काज-बटणाच्या मशीनवर होत्या आणि मी शेजारी इस्त्रीवर. त्यांच्या प्रार्थना मी जितक्या ऐकल्यात तितक्या त्यांच्या चर्चच्या पाळकांनीही ऐकल्या नसतील. जे तुम्हाला तोंडावर सुनावायचं, ते त्या तुमच्यादेखत येशूला सांगायच्या, तेही सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं. मधे बोलायची सोय नाही. देवाशी बोलणाऱ्या बाईला अडवणार कोण?

एरवी मावशींचं बोलणं माढ्याकडचं, रांगडं. डोळे मिटले की भाषा एकदम पुस्तकी व्हायची. नातेपुत्याचा एक व्यापारी चांगल्या शर्टात खोड काढून भाव पाडायला बघत होता. मावशींनी हात जोडले. “हे स्वर्गीय पित्या, या तुझ्या लेकराला तू इतकी बारीक नजर दिलीस, त्याबद्दल तुझे आभार. आता त्याला मनही थोडं मोठं दे. आमेन.” आमच्यात ख्रिस्ती त्या एकट्याच, पण सगळ्या बाया एका सुरात “आमेन” म्हणाल्या. व्यापाऱ्यानं ठरल्या भावात माल उचलला.

माझ्यावरही पाळी आली होती. “प्रभू, या माझ्या शेजारणीच्या जावेला सद्बुद्धी दे, म्हणजे रोज दुपारी हिला तिच्याविषयी बोलावं लागणार नाही.” खोटं कशाला सांगू, मला राग आला. पण जावेचं नाव बरेच दिवस तोंडातून निघालं नाही.

मालक अण्णा म्हणजे मावशींचं हक्काचं गिऱ्हाईक. माणूस भलता तापट, पण तितकाच देवभोळा. देव कुणाचाही असो, प्रार्थना सुरू झाली की पायातली चप्पल काढून उभे राहायचे आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

एका वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर पद्मानं घोळ घातला. पद्मा नवी मुलगी, तेलुगू घरातली. आई अंथरुणाला खिळलेली, घर हिच्या एकटीच्या पगारावर. नमुन्याचा शर्ट समोर टांगलेला. त्यावर खिसा आपल्या उजव्या हाताला दिसतोय म्हणून तिनं सगळ्या शर्टांना घालणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे उलट्याच बाजूला खिसा लावला. तो अंगात घालून बघावा हे बिचारीला सुचलं नाही. शाळेनं सगळा माल परत पाठवला.

“ऊठ,” अण्णा तिला म्हणाले. “उद्यापासून यायचं नाही.”

पद्मा उठली. मावशींनी हात जोडले, अण्णांची चप्पल निघाली.

“हे प्रेमळ पित्या, खिसा पद्मानं चुकवला. बटण मी लावलं, इस्त्री या शेजारणीनं केली, आणि मोजून गाडीत भरले ते अण्णांनी. आम्हा सगळ्या आंधळ्यांमधून हिलाच का घालवायचं, ते तू अण्णांकडून आम्हाला समजावून सांग.”

आम्ही “आमेन” म्हणणार, तेवढ्यात अण्णांनीच डोळे मिटले, हात जोडले.

“सिद्धेश्वरा, या बाईला तूच सांग. सोमवारी माल पोचला नाही तर शाळेचं काम दुसरीकडं जाणार. सगळ्या सीझनचं एवढं एकच मोठं काम हाय. मग पद्माच काय, कुणाचाच पगार कुठनं देऊ मी?”

त्या दोघांच्या मधे देव अडकलेला बघून मला हसू येत होतं, ते पगाराचं ऐकून तिथंच गेलं.

मावशींनी डोळे उघडले. “आमाला सांगायचं की, अण्णा. देवाला कशाला मधी घालताय?” हे त्यांनी म्हणावं! मग म्हणाल्या, “पद्मा हितंच बसंल. उसवायला हात लागत्याल. उद्या सगळ्याजणी येतो.”

“उद्या रविवार हाय, मावशी.”

“ठावं हाय मला.”

मावशींनी रविवार कधी कुणाला दिला नव्हता. दुप्पट पगार देतो म्हटलं तरी नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याच येऊन बसल्या. अण्णा फरशीवर मांडी घालून पद्माशेजारी ब्लेडनं टाके उसवत होते. मी वाफ मारून सुईची भोकं बुजवत होते.

चर्चमधल्या उपासनेची वेळ झाली तेव्हा मावशींचे हात थांबले. डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बराच वेळ झाला.

“मोठ्यानं म्हणा की, मावशी,” अण्णा म्हणाले.

“आज तुमच्याविषयी न्हाय,” डोळे न उघडता मावशी म्हणाल्या.

सगळे हसले, मीही हसले, आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो. माल सोमवारी पोचला, पद्माची नोकरी राहिली. मागच्या थंडीत मावशी गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. त्या रविवारी त्यांनी काय मागितलं, ते मी कधी विचारलं नाही. सगळ्या जगाचं गाऱ्हाणं मोठ्यानं घालणाऱ्या बाईला स्वतःसाठीही काही मागायचं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.