दुबई ते मालवण, माझ्या हिशेबाने

परवा भाचीने मोबाइलवर दाखवलं... दुबईहून विमान थेट गोव्यात, साधारण तीन तासांत. पुढे गाडीने आपलं मालवण. ती सहज दाखवत होती, मी मात्र तास मोजत बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मालवणात शाळेवर भूगोल शिकवत होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. दादा, माझा एकुलता एक भाऊ, दुबईला नोकरीला. बाबा अत्यवस्थ झाले तेव्हा आम्ही त्याला तार केली. उत्तर आलं, शुक्रवारी पहाटेच्या विमानाने निघतो.

त्याच शुक्रवारी पहाटे बाबा गेले...

अग्नी दादानेच द्यायचा, यात दुमत नव्हतं. पण सूर्यास्तानंतर नेत नाहीत आणि रात्रभर घरात ठेवायचं नाही, असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं. काका माझ्याकडे वळले. "गो सुमन, तू भूगोल शिकयतंस. तो कधी पोचतलो?"

मी अॅटलास काढला. दुबई ते मुंबई शिवणाचा दोरा धरला, पट्टीवर मोजला. साधारण एकोणीसशे किलोमीटर, तीन तास. घड्याळातला दीड तासाचा फरकसुद्धा धरला! मग मुंबईहून संध्याकाळची एसटी, रात्रभर हायवे, सकाळी कसालचा फाटा, तिथून मालवण.

"उद्या धाच्या आदी पोचाचो नाय," मी सांगितलं. शेजारी माणसं रडत होती आणि मला आपलं गणित सुटल्याचं समाधान वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

"मगे थांबून उपयोग नाय," काका म्हणाले. तीन वाजता बाबांना नेलं. अग्नी चुलतभावाने दिला.

पाच वाजता दारात टॅक्सी थांबली, गोव्याची. दादा उतरला. मुंबईला उतरून त्याने तिथूनच गोव्याचं विमान पकडलं होतं आणि हद्दीवरच्या बांदा गावावरून टॅक्सीने सरळ आला होता. अजून ऊन होतं... दोन तास थांबलो असतो तर चाललं असतं.

परगावाहून माणूस येणार म्हणजे मुंबईवरून, एसटीने, हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की गोव्यात विमान उतरतं हे कुणाला सुचलंच नाही. बाकीच्यांचं सोडा, माझ्या अॅटलासच्या पानावर दाबोळीचा विमानतळ छापलेला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

दादाने रिकामी ओटी बघितली. "माजी वाट कोणीच बघूक नाय?"

"आमका वाटला, तू उद्या येतलंस," काका म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. दादा तसाच, बुटांसकट, स्मशानाकडे चालत गेला. तोवर बाबांचं तोंड बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काका आता नाहीत. "दोन तास माज्यासाठी थांबूक नाय," असं दादा अजून कधीतरी म्हणतो आणि त्यांनाच बोल लावतो. मी दरवेळी चहा ठेवायला उठते.

दादा, तू माझ्या पोस्ट वाचतोस, मला माहीत आहे. काका थांबायला तयार होते रे. तो हिशेब माझा होता.